‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे ‘रोगनाशक’ का?

रावेरकर: आठवडी बाजारातून केळीच्या पिठाची पुडी आणली. वर छापलंय, ‘भरपूर अँटिऑक्सिडंट (रोगनाशक)’. तेवढं वाचून आई म्हणते, आता मधुमेहाची गोळी बंद करून हेच खाते. शब्दाचा अर्थ खरंच तसा आहे का?

धुळ्याची ताई: भाऊ, आधी आईंची गोळी चालू ठेवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नको. हा अर्थ साफ चुकीचा आहे आणि मला तो फार खुपतो. शब्दात रोग कुठेच नाही. ऑक्सिडीकरणाला, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन पदार्थ बिघडण्याला, अटकाव करणारा, म्हणून प्रतिऑक्सिडीकारक. हा शब्द आधी रबर आणि तेलतुपाच्या धंद्यात रुळला. रबर चिरू नये, तेल खवट होऊ नये यासाठी. आजही तेलाच्या पिशवीवर ‘अँटिऑक्सिडंट (३१९)’ दिसतं (३१९ हा त्या रसायनाचा क्रमांक), ते तेल टिकावं म्हणून.

केळं चिरून अर्ध्या कापांवर लिंबू पिळा, अर्धे तसेच ठेवा. थोड्या वेळात कोरडे काप काळपट पडतील, लिंबाचे बराच वेळ पांढरे राहतील. त्यात आंबटपणाचं काम आहे, तसंच क जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटचंही. ताटलीत दिसतं ते एवढंच.

शरीराशी या शब्दाची गाठ पडली ती मुक्त मूलकांमुळे, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या, ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या चटकन क्रिया करणाऱ्या कणांमुळे. त्यांच्यामुळे म्हातारपण येतं, असं अमेरिकी शास्त्रज्ञ डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं. मग मूलकं आवरली की रोग टळेल, असं वाटणं साहजिक होतं. पण फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! अमेरिकेतल्या तशाच चाचणीत तर गोळ्या मुदतीआधी थांबवल्या. मूलकं नुसती वैरी नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात.

भाजीपाला, फळं खाणाऱ्यांची तब्येत बरी असते हे खरं. पण ते श्रेय एकट्या या घटकाला देता येत नाही.

शिरपूरकर: मग ‘खवटरोधक’ म्हणू या? घरोघरी कळेल.

धुळ्याची ताई: दादा, तेलापुरता मला एकदम पटला. दाणे खवट झाले हे पोरासोरांनाही कळतं. पण शरीराबद्दल लिहिताना ‘अँटिऑक्सिडंट’च राहू द्या, कंसात ‘रोगनाशक’ मात्र नको. पुडीवर क जीवनसत्त्व किती मिलिग्रॅम ते छापा.