बाजारात हिशेब चोख आणि पाटीवर वजाबाकी चुकते, चौथीतल्या पोराचं काय करू?

वाळूतली_शाळा:
नमस्कार मंडळी, मालवण तालुक्यात किनाऱ्याजवळच्या द्विशिक्षकी झेडपी शाळेत आहे, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. चौथीत एक मुलगा आहे, त्याची आई मासळी विकते आणि ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली की हा संध्याकाळी तिच्या बाजूला बसलेला असतो. परवा मीच बांगडे आणि थोडी कोळंबी घेतली, ३६५ झाले, मी पाचशेची नोट दिली तर आई पिशवी बांधेपर्यंत ह्याने १३५ माझ्या हातात ठेवले पण! दुसऱ्या दिवशी मुद्दाम फळ्यावर ५०० – ३६५ घातलं. उत्तर २६५. मी म्हटलं अरे काल तूच दिलेस ना पैसे, तर म्हणतो, "बाई, तो बाजारातलो हिशोब, ह्यां गणित."
डीएडला पियाजे, वायगॉट्स्की, मुलं कशी शिकतात ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ, सगळं पाठ केलं, टीईटीतही लिहिलं, पण या वाक्यापुढे काय करायचं ते कुठल्याच गाईडात नव्हतं. हातच्याची वजाबाकी चार वेळा परत शिकवून झाली आहे. कुणाला अनुभव?

खाडीपल्याड:
ताई तुमचा मुलगा एकटा नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे म्हणून समुद्रकाठचं शहर आहे, तिथे रस्त्यावर शहाळी-बिहाळी विकणाऱ्या पोरांवर अगदी हाच अभ्यास झालाय, कॅराहर नवरा-बायको आणि श्लीमन, १९८५. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले तर ९८ टक्के बरोबर, तसेच आकडे शाब्दिक उदाहरणात घातले तर ७४, आणि नुसती आकडेमोड कागदावर दिली तर ३७. एका पोराला ३५ चा एक नारळ तर चार कितीला विचारलं, त्याने तीनाचे १०५, त्यात ३०, मग ५ असं करत १४० सांगितले. तोच पोरगा कागदावर ३५ गुणिले ४ चं उत्तर २०० लिहितो! चार पंचे वीस, हातचा दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. म्हणजे हातचा आधीच मिळवून मोकळा. आता पोरं पाचच होती हे खरं, त्यामुळे टक्क्यांना फार धरून बसू नका, पण २०२५ मध्ये बॅनर्जी-डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि मंडळींनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर बराच मोठा अभ्यास केला, त्यातही तेच. आणि उलटंही, नुसती शाळेत जाणारी पोरं बाजारातल्या हिशेबात अडकली.
तुमच्या २६५ कडे नीट बघा. ५ मधून ०, ६ मधून ०, ५ मधून ३. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. त्याच्यासाठी ते ५०० नाहीच, तीन सुटे आकडे आहेत. गल्ल्यावर बसल्यावर ते पाचशे असतात.

जुना_मास्तर:
खाडीपल्याड यांनी निदान बरोबर केलं, औषध मी सांगतो, आधी माझं फसलेलं. मी वर्गात दुकान मांडलं होतं, खोट्या नोटा, करवंटीचा तराजू, पोरं खूश, केंद्रप्रमुखांनी फोटोपण काढले. पेपरात परत तीच चूक. कारण दुकान एकीकडे आणि वही एकीकडे, मधे साकव घातलाच नव्हता मी.
नंतर कळलं की पोराला विचारायचं "कसं केलंस?" आणि तो बोलेल ते आपण फळ्यावर लिहायचं, आपल्या पद्धतीत बसवायचं नाही. तुमचा बहुतेक असं म्हणेल, ३६५ वर ५ म्हणजे ३७०, वर ३० म्हणजे ४००, वर १००. एक आडवी रेघ मारा, आकडे नसलेली, त्यावर ह्या तीन उड्या दाखवा. मग उड्यांची बेरीज. वायगॉट्स्की म्हणतो ती आधाराची जागा ही, पोराला जे येतं त्याच्या बरोब्बर एक पायरी वर. हातचा नंतर, दशकाचे गठ्ठे सुटे करून. घाई करू नका.

कोकणी_पालक:
हे सगळं ठीक आहे हो सर, पण परीक्षेत उभी मांडणीच लागते ना? उड्या मारत बसला तर मार्क कोण देणार? माझ्या मुलीला एका शाळेत उत्तर बरोबर असून रीत वेगळी म्हणून शून्य दिलाय.

जुना_मास्तर:
शून्य देणाऱ्याची चूक. शिष्यवृत्तीच्या पेपरात तर पर्यायच असतात, रीत कोण बघतंय. पण उभी मांडणी शिकवायचीच आहे, नाही म्हणत नाही मी, फक्त आधी उत्तर साधारण किती येईल ते त्याला कळू दे. २६५ आलं की त्यालाच खटकायला पाहिजे, एवढे सुटे दिले तर आई काय म्हणेल!

वाळूतली_शाळा:
तीन आठवडे झाले, सांगते. "कसं केलंस" विचारल्यावर आधी दोन दिवस तो गप्पच, त्याला वाटलं चुकलं म्हणून विचारतेय. मग बोलला, आणि सर अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, पाच, तीस, शंभर. रेघेवर आता नव्वद टक्के... नाही, टक्के नको, बहुतेक वेळा बरोबर येतं. उभ्या मांडणीत अजून चुकतो, पण स्वतः खोडतो. गंमत म्हणजे एक मुलगी आता ९ – ४ लापण रेघ मारते, तिला आवरायचंय. आणि ज्यांच्या घरी विक्रीचं काही नाही त्या दोघांना सुट्या पैशांचं उदाहरण कळतच नाही, त्यांच्यासाठी एसटीचं तिकीट घेतलं, ते जरा लागू पडलं.
काल त्याने वहीत उड्या काढल्या आणि हळूच विचारलं, "बाई, असां लिवलेला चलात?" मी चलात म्हटलंय. आता पुढच्या महिन्यात भागाकार आहे, आणि हा वाटे घालताना उरलेली मासळी कधीच बाकी म्हणून सोडत नाही, प्रत्येक वाट्यावर थोडी थोडी टाकतो. त्याचं कुणी काही केलंय का?