मदत हवी आहे: पीआरबीएस-३१ लावल्यावरच बिट चुका दिसतात

२.५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या सिरियल लिंकचा बिट एरर रेट (चुकीच्या बिटांचे प्रमाण) मी एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणाऱ्या) चिपमधील पॅटर्न जनरेटर व चेकर वापरून मोजत आहे. पीआरबीएस-७ (यादृच्छिक भासणारा, ठराविक बिटांनंतर पुन्हा येणारा चाचणी पॅटर्न; सलग ७ पर्यंत एक) वर २० मिनिटांत, म्हणजे सुमारे ३ लाख कोटी बिटांत, एकही चूक आढळली नाही. चुकांचा दर १० च्या उणे १२ व्या घातापेक्षा कमी आहे, हे ९५ टक्के खात्रीने सांगायला तेवढे पुरते. मात्र पीआरबीएस-३१ (तसाच, पण सलग ३१ पर्यंत एक असलेला खूप लांब पॅटर्न) लावताच काही सेकंदांत काउंटर तीन-तीनने वाढू लागतो. (चेकर आलेल्या बिटांवरूनच पुढचा बिट ताडून स्वतःच सिंक होणारा असल्यामुळे एक चूक तीनदा मोजली जाते, हे मी धरले आहे.)

केबल बदलून फरक पडला नाही. चिपच्या अंतर्गत लूपबॅकमध्ये (सिग्नल बाहेर न जाता चिपमध्येच परत घेतल्यावर) दोन्ही पॅटर्न निर्दोष चालतात. कपलिंग कपॅसिटर (लिंकमध्ये डीसी अडवणारे) १ नॅनोफॅरडचे असून ते बदलण्याची सोय सध्या नाही, पुरेशा बँडविड्थचा ऑसिलोस्कोपही नाही. अशा स्थितीत सलग ३१ एकांमुळे सिग्नलची बेसलाइन (मधली पातळी) सरकते आहे की रिसीव्हरची क्लॉक रिकव्हरी (बिटांमधील बदलांवरून घड्याळ जुळवणे) ढळते आहे, हे केवळ पॅटर्न बदलून वेगळे कसे ओळखावे?