सबमॉड्यूलचा पत्ता बदलला, तरी फेच जुन्याच सर्व्हरवरून होते

प्रश्न:
आमच्या मुख्य गिट रेपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणाऱ्या भांडारात) एक लायब्ररी सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे आत बसवलेली वेगळी रेपॉझिटरी म्हणून, जोडलेली आहे. ती नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर मी ‘.गिटमॉड्यूल्स’ या फाइलमधला पत्ता बदलला आणि तो बदल कमिट करून पुश केला. नव्याने क्लोन करणाऱ्यांना काहीच अडचण आली नाही. मात्र ज्यांच्याकडे आधीपासून क्लोन आहे, त्यांनी पुल करून ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ चालवले की हवा असलेला कमिट (इतिहासात नोंदलेला बदल) मिळत नसल्याची त्रुटी येते. फाइलमध्ये नवा पत्ता डोळ्यांसमोर दिसत असताना गिट जुना पत्ता आणते कुठून?

पहिले उत्तर:
गिट तो पत्ता तुम्ही बदललेल्या फाइलमधून वाचतच नाही. ‘.गिटमॉड्यूल्स’ ही इतिहासासोबत फिरणारी, सर्वांना सारखीच मिळणारी फाइल आहे, पण तिचे स्थान शिफारशीचे आहे. ‘सबमॉड्यूल इनिट’ चालते तेव्हा तिच्यातला पत्ता मुख्य रेपॉझिटरीच्या ‘.गिट/कॉन्फिग’ या तुमच्या यंत्रावरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये उतरवला जातो, आणि क्लोन झाल्यावर तोच आतल्या रेपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये ‘ओरिजिन’चा (मूळ सर्व्हरचा) पत्ता म्हणून नोंदला जातो. म्हणजे एकच पत्ता तीन जागी असतो, आणि पुल केल्याने त्यांतली पहिलीच जागा बदलते. ‘गिट सबमॉड्यूल सिंक’ ही कमांड उरलेल्या दोन जागा जुळवते. सबमॉड्यूलच्या आत आणखी सबमॉड्यूल असेल, तर तिला ‘--रिकर्सिव्ह’ जोडावे. त्यानंतर पुन्हा अपडेट चालवा.

हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण मला तो योग्य वाटतो. एकाला एसएसएचने जायचे असते, तर दुसऱ्याला एचटीटीपीएसने, आणि प्रत्येकाला आपल्या यंत्रावर वेगळा पत्ता ठेवता येतो. शिवाय, दुसऱ्याने पुश केलेल्या फाइलमधली प्रत्येक सेटिंग निमूटपणे अमलात आणणे धोक्याचे आहे. अपडेटच्या वेळी एखादी कमांड चालवण्याची सोय गिटमध्ये आहे, पण ती ‘.गिट/कॉन्फिग’मध्येच लिहावी लागते, ‘.गिटमॉड्यूल्स’मध्ये लिहिलेली कमांड गिट स्वीकारत नाही.

प्रश्नकर्ता:
सिंक चालवल्यावर काम झाले, आभारी आहे. याच अनुषंगाने आणखी एक शंका विचारतो. मुख्य रेपॉझिटरीत मी कार्यालयाचा ईमेल सेट केला आहे, तरी सबमॉड्यूलमधल्या कमिटवर माझा खासगी ईमेल उमटतो. तेही याच कारणाने होते का?

दुसरे उत्तर:
कारण थोडे निराळे आहे. सबमॉड्यूल ही स्वतंत्र रेपॉझिटरी असल्यामुळे ती यंत्राचे, वापरकर्त्याचे आणि स्वतःचे कॉन्फिग वाचते. बाहेरच्या रेपॉझिटरीचे वाचत नाही. सबमॉड्यूलच्या फोल्डरमधले ‘.गिट’ उघडून पाहा. ते फोल्डर नसून एका ओळीची फाइल आहे, आणि त्या ओळीत मुख्य रेपॉझिटरीच्या ‘.गिट/मॉड्यूल्स’खालचा मार्ग लिहिलेला असतो. आतल्या रेपॉझिटरीचे खरे कॉन्फिग तिथे असते. (तिथल्या फोल्डरला सबमॉड्यूलचे नाव असते, मार्ग नव्हे, त्यामुळे सबमॉड्यूल दुसरीकडे हलवले, तरी तिथे जुनेच नाव दिसते आणि माणूस उगाच गोंधळतो.)

ईमेल प्रत्येक सबमॉड्यूलमध्ये वेगळा लिहीत बसण्यापेक्षा ग्लोबल (वापरकर्त्याच्या) कॉन्फिगमध्ये ‘इन्क्लूडइफ’ वापरावे, म्हणजे अट जुळली तरच ईमेल असलेली दुसरी कॉन्फिग फाइल जोडली जाते. २०१७ मधल्या २.१३ या आवृत्तीपासून ही सोय आहे. कामाचे सर्व प्रकल्प एका फोल्डरखाली असतील आणि अट त्या फोल्डरच्या मार्गाची असेल, तर सबमॉड्यूलचे गिट फोल्डरही त्याच मार्गाखाली येते आणि अट आपोआप लागू होते. मार्गाच्या शेवटची तिरकी रेघ मात्र विसरू नका. ती नसेल, तर खालचे फोल्डर जुळत नाहीत.

तिसरे उत्तर:
सबव्हर्जन या दुसऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतून आलेल्या माणसाला पत्त्याचा हा घोळ हमखास चकवतो, कारण तिथे ‘एसव्हीएन:एक्स्टर्नल्स’ हा फोल्डरवर लावलेला गुणधर्म प्रत्येक अपडेटच्या वेळी नव्याने वाचला जातो आणि बदललेला पत्ता लगेच लागू होतो. मात्र त्यात आवृत्ती बांधलेली नसेल, तर दरवेळी समोरची ताजी आवृत्ती उतरते. गिटमध्ये आतल्या रेपॉझिटरीचा नेमका कमिट बाहेरच्या ट्रीमध्ये (कमिटमधल्या फाइल-फोल्डरांच्या यादीत) १६०००० या मोडखाली, म्हणजे नोंदीचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याखाली, नोंदलेला असतो. तुम्हाला आलेली त्रुटी त्यामुळेच होती: ट्रीने मागितलेला कमिट नव्या सर्व्हरवर होता आणि शोध जुन्या सर्व्हरवर चालू होता.