ट्रान्झिस्टरमध्ये सेल फुटून चिकटलाय, काढायचा कसा?

खारेगावकर
बाबांचा जुना ट्रान्झिस्टर आहे, दोन मोठे सेल लागतात, पावसाळाभर कपाटात पडून होता. काल मागचं झाकण उघडलं तर एक सेल निघाला पण स्प्रिंगकडचा दुसरा जागचा हलत नाहीये, फुगलाय, बुडाशी पांढरी पावडर जमलीय आणि स्प्रिंग हिरवट पडलीय. ओढायला जावं तर स्प्रिंगच उपटून हातात येईल असं वाटतं. ठाणे स्टेशनजवळ एका दुकानात विचारलं तर म्हणाले टाकून द्या, नवीन घ्या. पण बाबांना बातम्या त्याच्यावरच ऐकायच्या असतात, मोबाईलवर लावून दिल्या तरी नको म्हणतात, त्यामुळे टाकायचा प्रश्नच नाही. एकजण सांगतो व्हिनेगर घाल, दुसरा म्हणतो खायचा सोडा. नक्की काय करू?

ऐरोली सेक्टर ८
जो सेल निघालाय त्याच्यावर काय छापलंय ते आधी बघा, दोन्ही सेल एकाच जोडीतले असतील तर उत्तर तिथेच मिळेल. एलआर20 किंवा अल्कलाइन लिहिलं असेल तर बाहेर आलंय ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवा लागून त्याचंच पांढरं कार्बोनेट होतं, त्याला व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस. नुसतं आर20 असेल तर तो साधा झिंक कार्बनचा सेल, आतला मसाला आम्लाकडे झुकणारा, तिथे सोडा चालतो. म्हणजे दोघंही बरोबर सांगतायत, फक्त वेगवेगळ्या सेलबद्दल. साध्या सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं निगेटिव्ह टोक असतं आणि वापरता वापरता तेच झिजत जातं, म्हणून संपलेला सेल आत ठेवला की भोक पडून पाझरतोच.

खारेगावकर
आर20 आहे दोन्हीवर.

तुर्भे रिपेरिंग
मग सोडा. चमचाभर सोड्यात थोडंसं पाणी घालून दाटसर कालवा, कानाच्या काडीने फक्त स्प्रिंगच्या तोंडाशी लावा, फेस येईल, येऊ द्या, पुसा, परत लावा. पाणी ओतायचं नाही, सर्किटच्या पट्टीवर गेलं तर नवीन काम वाढेल. पावडर सुटली की सेल ओढायचा नाही, पकडीने हलकेच धरून जागच्या जागी थोडा डावीकडे थोडा उजवीकडे फिरवायचा. चिकटलेला थर असा फिरवल्यावर तुटतो, सरळ ओढला तर स्प्रिंग येते. मग पॉझिटिव्हच्या बाजूने आइस्क्रीमची काडी खाली घालून उचला. स्क्रूड्रायव्हर नको, फुगलेल्या सेलचा पत्रा पातळ झालेला असतो, स्क्रूड्रायव्हर लगेच आत घुसतो.

सेल निघाल्यावर स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. आणि स्प्रिंगला लावलेली वायर टोकाशी थोडी सोलून बघा, तांबं आतून काळं पडलं असेल तर सोल्डर धरत नाही, तेवढी वायर बदलून घ्या. पुष्कळ रेडिओ सेलची जागा साफ करूनही चालू होत नाहीत ते याच वायरमुळे, आणि लोक चांगला सेट भंगारात देतात, वाईट वाटतं.

घणसोली आई
हे करताना रबरी हातमोजे आणि चष्मा घालाच, पावडर फुंकून उडवू नका. डोळ्यात गेलीच तर नळाखाली 15 मिनिटं तरी सतत धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. लहान मुलं असतील तर दुसऱ्या खोलीत पाठवा. आणि हे सगळं साध्या सेलपुरतंच हं, मोबाईलची लिथियमची बॅटरी फुगली असेल तर तिला अजिबात टोचू किंवा उचकटू नका, ती पेट घेते.

खारेगावकर
निघाला!! फिरवल्यावर कट्ट आवाज आला आणि सुटला, स्प्रिंग शाबूत आहे. वायर मात्र खरंच काळी आहे, संध्याकाळी बदलून घेतो. जुने सेल ओल्या-सुक्यात टाकायचे का?

ऐरोली सेक्टर ८
नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळे ठेवा, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आणि नवे घालाल ते दोन्ही एकाच वेळचे घाला, एक जुना एक नवा केलं की जुना आधी संपतो आणि नवा त्याला आणखी पिळतो, मग परत हेच. बाबा रेडिओ ऐकत नसतील त्या महिन्यात सेल काढून ठेवा.