१९११ मध्ये २० पौंडाची रिकॉइल स्प्रिंग: ठेवू की बदलू?

नवानेम

नमस्कार. मागच्या महिन्यात एक वापरलेलं १९११ पिस्तूल घेतलं. पाच इंची बॅरल, .४५ एसीपी. आधीच्या मालकाने सांगितलं, "आत २० पौंडाची स्प्रिंग टाकली आहे, फ्रेम जपते, काढू नका." (म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग.) मी मारतो ती टार्गेटची हलकी काडतुसं, १८५ ग्रेन वजनाच्या गोळीची, सेमी-वॉडकटर म्हणजे चपट्या टोकाची. पन्नास राउंडमध्ये चार-पाच वेळा रिकामी पुंगळी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) तोंडात उभी अडकते. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबायला हवी, ती दोनदा पुढे येऊन बंद झाली. बाकीच्या पुंगळ्या माझ्या बुटापाशी पडतात. तीन मॅगझिनं बदलून पाहिली, फरक शून्य. रेंजवर एकाने सांगितलं, दोन वेढे कापून टाक, काम होईल. कापू का? की नवी घेऊ, आणि घ्यायची तर किती पौंडाची?

दोनबारी

कापू नका एवढं आधी सांगतो. पण फार खालीही जाऊ नका. मी २३० ग्रेनची पूर्ण ताकदीची काडतुसं मारतो आणि १८.५ पौंडाच्या स्प्रिंगवर खूश आहे. हलकी स्प्रिंग टाकली की स्लाइड फ्रेमवर आदळते, आणि फ्रेम काही बदलता येत नाही.

तेलचिंधी

नवानेम, तुम्ही लिहिलेल्या तिन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. स्लाइड पूर्ण मागे जातच नाहीये. हलक्या काडतुसाचा जोर २० पौंड दाबण्यात संपतो. पुंगळी जेमतेम बाहेर येते तोवर स्लाइड परत फिरलेली असते आणि तिला मधेच चिमटीत धरते. स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याच्या) खाचेपर्यंत स्लाइड पोचली नाही, तर ती मागे थांबणार कशी?

या पिस्तुलाची मूळ स्प्रिंग १६ पौंडाची. हा आकडा स्प्रिंग पूर्ण मागच्या स्थितीत दाबलेली असतानाचा, स्लाइड बंद असतानाचा नव्हे. बंद स्थितीत तिचा जोर याहून बराच कमी असतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वेढे कापण्याचा सल्ला इथेच फसतो. वेढे कमी झाले की तार प्रत्येक मिलिमीटरला जास्त ताठ होते, पण आखूड झाल्यामुळे बंद स्थितीतला जोर आधी घटतो. स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवून काडतूस चेंबरमध्ये नीट बसवायचं, ते काम नेमकं त्याच जोरावर चालतं. पुंगळ्या उडायला लागतील, पण स्लाइड केसभर उघडी राहण्याचा त्रास सुरू होईल. शिवाय कापलेलं टोक आत घासतं ते वेगळं.

आता फ्रेम जपण्याबद्दल. दोनबारी, तुमच्या २३० ग्रेनला १८.५ चालते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण स्प्रिंग जड केली की धक्का नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या टोकाला जातो. मागे जाताना वाचवलेला मार स्लाइड पुढे येताना वसूल होतो. बॅरलचे खालचे लग (उंचवटे) आणि स्लाइड-स्टॉपची पिन तो झेलतात. एका १९११ वर मी वर्षभर २२ पौंडाची स्प्रिंग वापरली, फ्रेमच्या काळजीपोटीच. फ्रेम उत्तम राहिली. स्लाइड-स्टॉपच्या पिनेवर, बॅरलचे लग टेकतात तिथे, नखाला जाणवेल अशी खाच पडली होती. तेव्हापासून जड स्प्रिंगला मी संरक्षण म्हणत नाही.

आणि स्लाइडला अडवणारी ही एकटीच स्प्रिंग नाही. स्लाइडचं स्वतःचं वजन आहे, हॅमर मागे पाडायचा आहे, म्हणजे हॅमरची स्प्रिंगही आली. आधीच्या मालकाने तीही जड टाकलेली असू शकते. मूळची २३ पौंडाची असते, तेवढी पाहून घ्या.

वजन ठरवायची माझी पद्धत सांगतो. १२, १४ आणि १६ अशा तीन स्प्रिंगा घ्या. तुमच्या काडतुसाला १६ पासून सुरुवात करा. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, मारा, स्लाइड मागे थांबते का पाहा. असं दहा वेळा. मग तेच डाव्या हाताने, एकट्या, पकड थोडी सैल ठेवून. थांबली नाही तर एक पायरी खाली या. या परीक्षेत पास होणारी सगळ्यात जड स्प्रिंग ती तुमची. पुंगळ्या पाच-सात फुटांवर एकाच बाजूला पडायला लागतात. फार लांब, ठेचकाळून जायला लागल्या तर स्प्रिंग हलकी झाली समजा.

पण माझा खरा भरवसा पुंगळ्यांपेक्षा माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर. गोळी सुटल्यावर माशी वर जाते आणि परत येते. स्प्रिंग जड असेल तर स्लाइड बंद होताना नळी खाली डुबकी घेते, माशी काळ्या वर्तुळाच्या खाली जाते आणि तुम्हाला ती उचलून आणावी लागते. स्प्रिंग बरोबर असेल तर ती आपली आपण मागच्या नेमाच्या खाचेत येऊन बसते. पाच गोळ्यांत हे डोळ्याला कळतं.

नवानेम

मनापासून आभार. माशीचं अगदी तसंच होतंय, मला वाटायचं माझं मनगट पडतंय! आणखी दोन विचारतो. बदलताना काही काळजी? आणि नवी स्प्रिंग किती राउंड चालते?

तेलचिंधी

मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये बोट घालून पाहा, मग पुन्हा पाहा. चष्मा लावा. बॅरलचं बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीचं कडं) फिरवताना स्प्रिंगचा प्लग (तिच्या टोकावरची टोपी) अंगठ्याने दाबून ठेवा आणि नळीचं तोंड चेहऱ्यापासून लांब. तो प्लग सुटला तर थेट डोळ्याच्या उंचीला येतो. माझ्या छताला त्याची एक गोल खूण अजून आहे.

नवी बसवताना एक तपासणी कराच. आधी स्प्रिंग न घालता स्लाइड पूर्ण मागे सरकवा आणि स्लाइड-फ्रेम दोन्हींवरून जाईल अशी पेन्सिलची एक उभी रेघ मारा. स्प्रिंग घातल्यावर पुन्हा पूर्ण मागे ओढा. रेघेचे दोन तुकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत, तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर टेकून स्लाइड अडवतायत. आत रबरी बफर (धक्का शोषणारी चकती) असेल तर तो काढून ही परीक्षा घ्या. बफर स्लाइडचा प्रवास कमी करतो आणि तुमच्या दुखण्यात भर घालतो.

रिकॉइल स्प्रिंगबरोबर फायरिंग पिनची (काडतुसावर ठोका देणाऱ्या पिनेची) छोटी स्प्रिंगही बदला. स्लाइड जोरात बंद होते तेव्हा पिन स्वतःच्या वजनाने पुढे जायला बघते, तिला धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट. ज्या १९११ मध्ये फायरिंग पिनला ब्लॉक (तिला अडवणारा सुरक्षा खटका) नाही, तिथे तर हे टाळूच नका.

आयुष्याचं म्हणाल तर पाच इंचीत मी २,००० ते ३,००० राउंडला बदलतो. नवी स्प्रिंग पहिल्या काही डझन राउंडमध्ये थोडी बसते, ते घाबरण्यासारखं नाही. त्यानंतर मोजून ठेवा. पुढे नवीशेजारी ठेवल्यावर अर्धा इंच आखूड दिसली की ती बाद.

दुसरीचढ

यात थोडी भर घालते. माझं आखूड बॅरलचं १९११ आहे, साडेतीन इंची. त्यात स्प्रिंगला जागा कमी, ताण जास्त, म्हणून मी हजार राउंडच्या आसपासच बदलते. ग्लॉकसारख्या पिस्तुलांत स्प्रिंग आणि गाइड रॉड (तिच्या आतला दांडा) एकत्रच असतात, तिथे अख्खा संच बदलायचा. ग्लॉकची परीक्षा सोपी आहे. रिकामं पिस्तूल, पुन्हा पुन्हा तपासलेलं, नळी वर. ट्रिगर दाबून धरायचा, स्लाइड मागे ओढून हळूहळू सोडायची. पूर्ण बंद झाली तर ठीक, मधे लटकली तर संच बदला.

दोनबारी

तेलचिंधी, तुमची खाचेची गोष्ट वाचून आज माझी पिन काढून पाहिली. खाच नाही, पण एक चकचकीत पट्टा आहे. १६ मागवतोय, तुलना करून बघतो.

नवानेम

काल तिन्ही स्प्रिंगा मारून आलो. १६ वर दोन्ही हातांनी दहापैकी दहा वेळा स्लाइड थांबली, डाव्या हाताने सहा वेळा. १४ वर दोन्हीकडे दहा. पुंगळ्या उजव्या खांद्यामागे, साधारण सहा फुटांवर, एका चटईवर मावतील एवढ्या जागेत. १२ वर त्या पार मागच्या भिंतीला लागल्या. काढलेली २० पौंडाची नव्या १६ शेजारी ठेवली तर तार नुसती बघूनही जाड कळते. बफरही निघाला आतून, कडेला चिरलेला. हॅमरच्या स्प्रिंगचं तेवढं राहिलंय. ती कितीची आहे ते हातात घेतल्यावर कसं ओळखायचं?

तेलचिंधी

नुसतं बघून नाही ओळखता येत. १४ वर सगळं चालतंय, तर आहे ती राहू द्या. पुढे कधी ट्रिगरचं काम काढाल तेव्हा २३ पौंडाची नवी घाला म्हणजे प्रश्नच मिटेल. आणि तो चिरलेला बफर पुन्हा आत घालू नका, त्याचे तुकडे सुटून ट्रिगरच्या भागात जातात.