मगरीच्या ठशावर फुली मारू की पुन्हा छापू?

शाईवाली, बडोदे

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ.

मी दांडिया बाजारात राहते. दिवसा मकरपुऱ्यात एका कारखान्याचे हिशेब बघते आणि रात्री जेवणाचं टेबल आवरलं की त्याच टेबलावर लिनो कोरते, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा करते. प्रेस नाही. ठशावर कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने घासते. मागच्या उत्तरायणाला ठरवलं होतं की वर्षभर बडोद्याबाहेरचं काही कोरायचं नाही आणि ठसा माझ्या वहीच्या पानापेक्षा मोठा घ्यायचा नाही. आता पुन्हा गच्चीवर मांजाच्या गोष्टी सुरू झाल्यात, म्हणून ठशांचं खोकं काढून बसले.

खोक्यात काय काय निघालं! फिरकी धरलेला शेजारचा मुलगा. मांडवी. सेवउसळीच्या गाडीवरचा तर्रीचा टोप. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातला लाकडी खांब. हा वाडा म्हणजे एकोणिसाव्या शतकातले दिवाण भाऊ तांबेकर यांचा. तिथे जो येतो तो रंगवलेल्या भिंती बघतो, आणि बघाव्यात अशाच आहेत त्या, पण मला तिथले खांब आवडतात. आमच्या ओट्यावरचा कुकर. आणि मगर.

मगर म्हणजे विश्वामित्रीतली, पुलाखालच्या चिखलात ऊन खात पडलेली. बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. वीसची एडिशन काढली, म्हणजे मोजून वीसच छापा. वीसपैकी कितवी ते प्रत्येकीवर पेन्सिलने घातलं, सही केली. सगळ्या गेल्या. ऐन पावसाळ्यात छापल्या होत्या, त्यामुळे तेलाची शाई वाळता वाळेना. स्वयंपाकघरात दोरीला चिमटे लावून टांगलेल्या. सासूबाई रोज विचारायच्या, "ह्या मगरी उतरणार कधी?"

वर्षात हात बदलला, हे मात्र ठसे ओळीने लावल्यावरच दिसलं. सुरुवातीच्या ठशांत रेघाच रेघा आहेत. खांबावरची एकूण एक पाकळी मोजून घ्या. दिवाळीकडचे ठसे बघितले तर निम्म्याहून जास्त काळे. मधे कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघायला गेले होते. घरी येऊन त्यांचं 1930 चं दांडीयात्रेचं लिनोकट पुस्तकात काढून बघत बसले. काळ्यात मोजक्या पांढऱ्या रेघा, काठी, आणि चालणारा माणूस. तेव्हापासून मी कोरण्याआधी विचारते, इथून काय काढायचं नाही? कुकर त्यातूनच आला. शिट्टी, कड आणि दांडा, बाकी काळं. माझ्या मते वर्षातलं सगळ्यात चांगलं काम. एकही विकला गेला नाही.

आता प्रश्न. मगरीला अजून मागणी आहे, परदेशातले बडोदेकर तर जास्तच मागतात. एडिशन संपली की ठशावर फुली कोरून तो रद्द करायचा, अशी पद्धत वाचली आहे. मगरीवर फुली मारावी? की हिरव्या शाईत दुसरी एडिशन काढावी? आणि ज्या ठशांना मी आकडाच घातला नाही, त्यांचं काय? खरं सांगायचं तर कुकरवर फुली मारायला माझा हात धजणार नाही.

---

जुना फाइनआर्टवाला

ताई, आकडा घातलात म्हणजे शब्द दिलात, एवढं धरून चाला. वीस म्हणजे वीस. आर्टिस्ट्स प्रूफ म्हणून दोन-तीन स्वतःकडे ठेवता येतात. पण त्या एकविसाव्या-बाविसाव्या म्हणून विकायच्या नसतात.

दुसरी एडिशन काढतात, नाही असं नाही. तिच्यावर तसं स्पष्ट लिहायचं, रोमन दोनचा आकडा घालायचा आणि पहिलीहून वेगळी दिसेल असा कागद किंवा रंग घ्यायचा.

फुलीचं म्हणाल तर हा मुळात बाजाराचा नियम, कलेचा नव्हे. होकुसाईची ती मोठी लाट 1831 च्या आसपासची. हजारोंनी छापली, आकडा कशावरच नाही. ठसे झिजले तसतशा रेघा बोथट होत गेल्या. रेम्ब्राँ 1669 मध्ये गेला, पण त्याच्या तांब्याच्या पट्ट्या पुढे शंभर वर्षांनीही लोक छापत होते, वर झिजलेल्या जागा स्वतःच्या हाताने पुन्हा कोरत होते. मोजून छापणं आणि आकडा घालणं रुळलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मूळ छाप आणि यंत्रावरची नक्कल यांत फरक दाखवायची गरज पडली तेव्हा.

लिथोत, म्हणजे दगडावरून छापण्यात, तर आणखी गंमत. चित्र छापून झालं की दगड घासून साफ, त्यावर पुढचं चित्र. आपल्या बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांनीच रविवर्म्याला सुचवलं होतं की चित्रांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, काढा. पुढे प्रेस निघाला आणि लक्ष्म्या-सरस्वत्या घरोघर गेल्या. त्यांवर कुणी 7/20 लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तेव्हा कुकरवर आकडा नसेल तर तो मोकळा आहे. लागेल तेव्हा एक काढा. फक्त आज बिनआकड्याचा विकून उद्या त्यालाच "मर्यादित" म्हणू नका.

आणि एक. चमच्याने घासलेल्या छापा तंतोतंत सारख्या येतच नाहीत. हाताचा जोर बदलतो, शाई बदलते. फरक ठळक असेल तर ई. व्ही. लिहा, म्हणजे प्रत्येक छाप थोडी वेगळी आहे असं घेणाऱ्याला कळतं.

---

गिऱ्हाईक, न्यू जर्सी

मी मगर मागणाऱ्यांपैकीच एक असेन बहुतेक. शिक्षण बडोद्याला, घर अजून वाडीत आहे.

माझं मत सरळ आहे. ज्यांनी आकडा बघून घेतली त्यांच्याशी ही बेइमानी होईल. हिरवी काढा नाहीतर जांभळी, मगर तीच. माझ्या भिंतीवर बडोदा विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सच्या मेळ्यातून घेतलेली एक छाप आहे. तिच्या कोपऱ्यातला आकडा मला चित्राइतकाच प्रिय आहे, कारण तेवढ्याच घरांत ती आहे हे मला माहीत आहे. मला मगर मिळाली नाही तर नाही मिळाली. दुसरं काही घेईन. तो कुकर केवढ्याला?

---

कागद्या, कोथरूड

फुलीची चर्चा चालू द्या, मी ठेवण्याबद्दल बोलतो, कारण फुली न मारता ठेवलेले ठसेही आपोआप मरतात.

लिनो म्हणजे जवसाचं तेल, लाकडाचा आणि बुचाचा भुसा, मागे तागाचं कापड. तेल हवेत कडक होत जातं, म्हणून जुना लिनो ठिसूळ होतो. गुंडाळून ठेवलात तर उलगडताना तडा गेलाच म्हणून समजा. सपाट ठेवा, मधे कोरा कागद. शाई पुसायला थोडं खायचं तेल, मग कोरडं फडकं. वर शंखजिऱ्याचा हात फिरवला तर एकमेकांना चिकटत नाहीत. तुमच्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर तर मुळीच ठेवू नका.

कागद कुठला वापरता? चमच्याने घासायचं तर जाड कागद त्रास देतो. इकडे शिवाजीनगरला हातकागद संस्थेत पातळ कागद बघून, बोटांनी चाचपून घेता येतो. नेपाळी कागदही छान, धागे लांब असतात, घासून फाटत नाही.

---

सराफ्यातला

इंदुराहून नमस्कार. आधी एक टोमणा मारून घेतो. तुमच्या फाइन आर्ट्सला आकार देणारे चित्रकार बेंद्रे मूळचे आमचे, 1910 चा जन्म इंदूरचा. 1950 मध्ये बडोद्याने नेले ते नेलेच.

आता कामाचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर रिडक्शन पद्धतीत आहे. एकच ठसा. आधी फिकट रंगाने सगळे कागद छापायचे. मग त्याच ठशात आणखी कोरायचं आणि पुढचा, गडद रंग त्याच कागदांवर. मग आणखी कोरायचं. शेवटच्या रंगाला ठशावर जवळपास काही उरतच नाही. परत छापायचं म्हटलं तरी छापता येत नाही. पिकासोने 1950 च्या दशकाच्या शेवटी दक्षिण फ्रान्समध्ये याच पद्धतीने बरेच लिनोकट केले, तिथल्याच एका छापखानेवाल्याला हाताशी धरून. फुली मारायचा प्रश्नच राहत नाही, काम करता करताच ठसा संपतो.

---

शाईवाली, बडोदे

सगळ्यांचे आभार. दोन रात्री हेच वाचत होते.

मगरीचं ठरलं. न्यू जर्सीकरांचं पटलं, आणि खरं कारण विचाराल तर मलाही तिचा कंटाळा आलाय. वर्षभर इतकं कोरलं आणि ओळख काय, तर "त्या मगरवाल्या". फुली नाही मारणार, कोपऱ्यात एक खाच पाडेन आणि खाच दिसेल अशी शेवटची छाप काढून फाइलीत लावेन. हिरवी मगर येणार नाही. ज्यांना वचन दिल्यासारखं झालं होतं त्यांना कळवते.

फाइनआर्टवाले, रविवर्म्याची आठवण बरी काढलीत. लहानपणी देवघरात ती लक्ष्मी होती, त्यामुळे छापलेलं चित्र कमी दर्जाचं असं मला कधी वाटलंच नाही. बाकीचे ठसे मोकळे ठेवते, आकडा न घालता, तारीख मात्र लिहीन. म्हणजे दिवाळीतला कुकर आणि होळीतला कुकर शेजारी ठेवले तर हात कुठे बदलला ते कळेल. मला आकड्यापेक्षा ते जास्त हवंय. न्यू जर्सीकर, कुकरची किंमत व्यक्तिगत निरोपात कळवते, पण टपालखर्च तुमचा हं.

कागद्यादादा, सध्या नेपाळीच वापरते. शंखजिऱ्याचं माहीत नव्हतं. ठसे माळ्यावर नाहीत, पलंगाखाली आहेत, तिथे गारवा असतो. उलट आत्ता जानेवारीत लिनो इतका कडक होतो की हत्यार घसरतं, म्हणून कोरण्याआधी गच्चीत उन्हात ठेवावा लागतो. या आठवड्यात गच्चीवर पतंगवाले आहेत तेव्हा इस्त्री.

सराफ्यातले, टोमणा पोचला. बेंद्रे परत मिळणार नाहीत. पण रिडक्शन मनात बसलंय. तांबेकर वाड्याचा खांब पुन्हा घेईन म्हणते, तीन रंगांत: आधी पिवळसर, मग विटकरी, मग काळा. अडचण अशी की माझ्याकडे प्रेस नाही, आणि चमच्याने घासताना कागद सरकतो. एका रंगाला चालतं, तिसऱ्याला काठ जुळायचे कसे?

---

सराफ्यातला

पुठ्ठ्याची एल आकाराची चौकट करा, ठसा दर वेळी तिच्या कोपऱ्यात टेकवायचा. कागदाची वरची कड चिकटपट्टीने पुठ्ठ्याला बिजागरीसारखी लावा, म्हणजे तो उचलला तरी परत त्याच जागी पडतो. दोन रंगांच्या मधे शाई पुरती वाळू द्या, तुमच्याकडे पावसाळ्यात करूच नका. आणि हवे असतील त्याच्या दुप्पट कागद पहिल्याच रंगाला छापून ठेवा. तिसऱ्या रंगापर्यंत निम्मे बिघडतात, आणि तेव्हा मागे जायला पिवळा ठसा उरलेला नसतो.