मदत हवी आहे: मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात जनहिताच्या कामाची इंटर्नशिप

दुसरे_वर्ष_एलएलबी
तीन वर्षांच्या एलएलबीचं दुसरं वर्ष चालू आहे, राहायला साताऱ्यात. मुंबई-दिल्लीच्या संस्थांना मेल केले, उत्तर नाही. तिथलं भाडंही परवडणारं नाही. वकिलांकडे जावं तर मेमध्ये कोर्टाला सुट्टी. जामीन, कैदी, मोफत कायदेशीर मदत यातलं खरं काम इथे मिळेल का? अर्ज कुणाकडे करायचा?

कलम_बारा
मिळेल. मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज करा. ते न्यायिक अधिकारी असतात, म्हणून प्राचार्यांचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा. 'कोणतंही काम चालेल' असं लिहू नका. 'लोकअभिरक्षक कार्यालयाला (प्राधिकरणाच्या बचाव वकिलांचं कार्यालय) कच्च्या कैद्यांचे, म्हणजे खटला अजून न संपलेल्यांचे, तक्ते करायला मदत करेन' असं नेमकं लिहा, तारखा टाका आणि अर्ज मार्चमध्येच द्या. कारागृहात जायची परवानगी वेगळी लागते आणि तीच रखडते. सुट्टीची चिंता नको, रिमांड, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीसाठी कोर्टापुढे आणणं, सुट्टीतही चालतो.

तक्ता कशाचा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ चा. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र ठरतो. आधी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश पुरतो. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्याला १ वर्ष. संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांनाही हे लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच तसं स्पष्ट केलं.

चुका इथे होतात. एका माणसाची एक ओळ धरली जाते. धरायची एका गुन्ह्याची एक ओळ, कारण दुसरा खटला प्रलंबित असेल तर हा लाभ अडतो. मध्ये जामिनावर बाहेर असलेले दिवसही चुकून मोजले जातात. कलमं एफआयआरवरून उतरवली जातात, दोषारोपपत्रात ती बदललेली असतात. खुनाच्या प्रयत्नाचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०७ नीट वाचा: शिक्षा १० वर्षांपर्यंत, पण दुखापत झाली असेल तर जन्मठेपही होऊ शकते, आणि जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला ४७९ नाही.

जातमुचलका
याहून महत्त्वाची यादी म्हणजे जामीन मिळूनही आत असलेले. जामीनदार नाही, एवढ्यावर माणसं महिनोन्‌महिने अडकतात. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिन्यात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुम्ही आदेशाची तारीख, रक्कम, जामीनदार किती आणि घरचा पत्ता एवढं गोळा केलंत तरी वकिलाला अर्ज लिहिता येतो.

आत मोबाइल नाही, घटनेबद्दल प्रश्न नाहीत. 'सुटाल' असं कुणालाही सांगू नका. तो माणूस त्या शब्दावर दिवस मोजत बसतो.

दुसरे_वर्ष_एलएलबी
चार आठवडे कॉलेज धरेल ना?

कलम_बारा
बार कौन्सिलच्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण १२ आठवडे लागतात आणि सलग चारपेक्षा जास्त चालत नाहीत, तेव्हा तुमचं बरोबर बसतं. हजेरीवर रोज सही घ्या आणि प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच मागून घ्या. न्यायिक अधिकाऱ्यांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्यातच होतात; नव्या सचिवांना तुमचं काम माहीत नसतं.